शर्यतीसाठी बूट निवडताना



शर्यतीच्या बुटाची निवड मापापासून सुरू होते. कंपनी, रंग, किंमत हे सगळे नंतर. दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि लांब धावेत आणखी फुगतो. म्हणून खरेदी संध्याकाळी करावी आणि धावताना वापरायचे मोजेच घालून बूट पाहावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. दोन्ही पाय सहसा तंतोतंत सारखे नसतात, तेव्हा माप मोठ्या पायाचे धरावे. टाच मात्र आत सरकता कामा नये. अनवाणी किंवा चपलांवर वाढलेला पाय बहुधा चवड्याशी रुंद असतो. असा पाय अरुंद बुटात कोंबला तर करंगळीला फोड ठरलेला; अशा वेळी एक नंबर मोठा बूट घेण्यापेक्षा रुंद साचा मागावा.

मापानंतर मार्ग पाहावा. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा असतो. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो, बोटे पुढच्या भागावर आदळतात आणि नखे काळी पडतात. यावर उपाय म्हणजे वरच्या शेवटच्या छिद्रांतून नाडी ओवून घोटा पक्का बांधणे आणि आदल्या दिवशी नखे कापणे. ही शर्यत पावसाळ्यातली असल्याने तळाच्या रबराची ओल्या डांबरावरची पकडही तपासावी. मुंबई मॅरेथॉन डांबर आणि काँक्रीटवरची. तिथे पकडीपेक्षा तळाची उशी महत्त्वाची, कारण पेडर रोडचा चढ येतो तेव्हा पाय आधीच थकलेले असतात.

तळात कार्बन पट्टी असलेल्या बुटांचे आकर्षण तरुणांना फार, आणि ते निराधार नाही. 2017 मध्ये नायकीचा व्हेपरफ्लाय हा असा बूट आला. प्रयोगशाळेतील चाचणीत त्याने सरासरी सुमारे 4 टक्के ऊर्जा वाचवली. यात पट्टीइतकाच, किंबहुना अधिक, वाटा हलक्या आणि उसळी देणाऱ्या फोमचा मानला जातो. पण ती चाचणी वेगवान धावपटूंवर, ताशी 14 ते 18 किलोमीटर वेगाने झाली होती. ताशी 14 म्हणजे पूर्ण मॅरेथॉन जवळपास तीन तासांत. पाच तासांत धावणाऱ्याला तेवढाच लाभ मिळेल असे धरून महिन्याचा पगार बुटावर घालणे शहाणपणाचे नाही. हे बूट उंच आणि मऊ असतात. घोटा कमकुवत असेल तर वळणावर डगमगतात, आणि टिकतातही कमी. रस्त्यावरील शर्यतींसाठी वर्ल्ड ॲथलेटिक्सने तळाची जाडी 40 मिलिमीटरपर्यंत आणि ताठ पट्टी एकच अशी मर्यादा घातली आहे. ट्रॅकवर नोव्हेंबर 2024 पासून जाडीची मर्यादा 20 मिलिमीटर आहे, त्यामुळे रस्त्यावरचा बूट ट्रॅकवर चालेलच असे नाही.

शर्यतीच्या बुटाची टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक सरावाच्या बुटापेक्षा फार वेगळा नसावा. तो अचानक कमी केला की पोटरी आणि टाचेमागची शीर दुखावते.

नवा बूट शर्यतीच्या दिवशी प्रथम कधीही घालू नये. आधी दोन-तीन छोट्या धावा आणि शर्यतीच्या वेगाची एक लांब धाव त्याच बुटात, त्याच मोज्यांवर व्हावी. मोजे सुती नसावेत. सूत घाम धरून ठेवते आणि ओली कातडी लवकर सोलते. साधा सरावाचा बूट ढोबळमानाने 500 ते 800 किलोमीटर साथ देतो. वरून नवा दिसला तरी तळाचा फोम दबलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक जोडीचे किलोमीटर वहीत नोंदवावेत.