जोयड्यात गाडीचं वय कसं मोजावं

१. जुनी गाडी बघताना माणसं आधी किलोमीटर विचारतात. आमच्या जोयडा तालुक्यात मी विचारतो, फिरली कुठे आणि उभी कुठे होती? बेळगाव-हुबळीच्या हमरस्त्यावर लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीचे शॉकअप धड असू शकतात. कुंभारवाड्याकडच्या आडवाटांवर निम्म्यातच त्यांचा दम निघतो.

२. किलोमीटर झिजवतात ते शॉकअप, बॉल जॉइंट, लिंक रॉड यांना. रबराचं गणित निराळं. लोअर आर्मचे बुश गाडी न हलताही म्हातारे होतात. हवेतला ओझोन आणि इंजिनाची धग त्यांना कडक करून चिरा पाडते. म्हणून ‘एकाच मालकाची, फारशी चाललेली नाही’ असं कोणी म्हणालं की टॉर्च घेऊन खाली वाकायचं. शॉकअपचा चकचकीत दांडाही बघायचा. सुपा धरणाच्या फुगवट्याकाठी हवा आधीच दमट, त्यात चार-चार महिने पाऊस. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या दांड्यावर गंजाचे खडबडीत ठिपके येतात आणि गाडी धावू लागली की तेच ठिपके ऑइल सील फाडतात. आठवड्याभरात शॉकअप गळका.

३. पावसाळ्याआधी गाडीला खालून जळकं ऑइल मारतात. पत्र्याला, चासीला ठीक आहे. पण बुशचं नैसर्गिक रबर तेलानं फुगतं, मऊ पडतं. मारणाऱ्या पोराला मी आधी बुश आणि रबरी बूट बोटानं दाखवतो, मगच ब्रश हातात देतो.

४. ओम्नी, बोलेरोला मागे कमान पाटे. चिवट खरे, पण चिखल पाट्यांमध्ये सुकून बसला की पॉलिश पेपरसारखा त्यांना खात राहतो. मुख्य पाट्याला डोळ्याजवळ तडा आहे का, सेंटर बोल्ट जागेवर आहे का, हे धुतल्यावरच दिसतं. (उळवीच्या जत्रेला धारवाडकडून बैलगाड्या येतात. त्यांना पाटे नाहीत, बुश नाहीत, तक्रार नाही. बसणाऱ्याची कंबर मात्र विचारू नये.)

५. गाडीचा कोपरा दाबून सोडला आणि ती डुलत राहिली तर शॉकअप गेले. पण लगेच थांबली म्हणून ते चांगलेच, असं नाही. टायरवर हात फिरवा. उंचसखल लाटा लागल्या तर शंका घ्या. बदलायचे तर डावा-उजवा जोडीनं.

६. अणशी घाटात काच खाली करून उतरावं. ब्रेक दाबताच एकदाच ‘टक’ झालं तर बहुधा बुश. बारीक खड्ड्यांत सलग खडखड झाली तर लिंक रॉड. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना कर्रकर्र आली तर स्ट्रटचं वरचं माउंटिंग. कद्र्याला पोचेपर्यंत अर्धं निदान झालेलं असतं.

७. नवे बुश टाकल्यावर बोल्टचा शेवटचा आवळ चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांच्यावर असताना द्यावा. जॅकवर लोंबत्या चाकानं आवळला तर आर्म खाली झुकलेला असतानाच बुश पकडला जातो. गाडी उतरवताच रबराला पीळ बसतो आणि तो पीळ सुटतच नाही. अशा बुशला वय आणि किलोमीटर दोन्ही लागत नाहीत. एका पावसाळ्यात फाटतो. गॅरेजवाल्याला घाई असते, तेव्हा तिथं उभं राहावं.