एका अंकाचे वाचन : अंबरनाथचा शिलालेख आणि वाचन, लेखन व विचार यांचा परस्परसंबंध

मराठीच्या पदव्युत्तर अध्यापनात वाचन, लेखन आणि विचार यांचा एक ठराविक क्रम गृहीत धरला जातो. विद्यार्थ्याने प्रथम साहित्यकृती वाचावी, मग तिच्यावर विचार करावा आणि अखेरीस तो विचार उत्तरपत्रिकेत किंवा प्रबंधात लिहून काढावा, असा हा क्रम आहे. या मांडणीत लेखन ही केवळ नोंद ठरते आणि वाचन ही केवळ सामग्री. विचार मात्र या दोहोंच्या मधे, कोणाच्या नजरेस न पडता, आपोआप घडून येतो अशी समजूत असते. प्रत्यक्षात असा क्रम क्वचितच आढळतो. लिहू लागल्यावर आपण नीट वाचले नव्हते हे ध्यानात येते आणि पुन्हा वाचल्यावर आधीचा विचारच डळमळतो. याचे एक उदाहरण अंबरनाथ येथे दगडात कोरलेले आहे. ते पुराभिलेखविद्येचे आहे, साहित्याचे नाही; परंतु त्यात वाचनाची चूक आणि तिची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी लेखी राहिल्या असल्याने साहित्याच्या अभ्यासकालाही ते उपयोगी पडावे.

वालधुनी नदीच्या काठी असलेल्या अंबरनाथच्या शिवालयात उत्तरेकडील दाराच्या वर एक लहानसा संस्कृत शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मंदिराकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. लेखाचे वाचन डॉ. भाऊ दाजी लाड यांनी केले आणि ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्या नवव्या खंडात छापले. भाऊ दाजी हे व्यवसायाने वैद्य, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. जुन्या लेखांच्या वाचनात त्यांचा अधिकार मोठा होता. अंबरनाथच्या लेखातील शकवर्ष त्यांनी ७८२ असे वाचले. म्हणजे इसवी सन ८६०.

पुढे याच नियतकालिकाच्या बाराव्या खंडात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा संपादित केला आणि शकवर्ष ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असे निश्चित केले. शतकाच्या स्थानावरील एका अंकाचा हा फरक आहे. सात की नऊ, एवढाच प्रश्न. पण त्याने मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले.

या दुरुस्तीची हकिकत तिच्यातील व्यक्तींमुळे अधिक बोलकी होते. भगवानलाल हे जुनागढचे. १८६० नंतरच्या दशकात ते मुंबईत आले ते भाऊ दाजींचे साहाय्यक म्हणून, आणि त्यांच्यासाठी ठिकठिकाणी हिंडून लेखांच्या प्रती आणण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. इंग्रजीवर त्यांची हुकमत नव्हती. आपली टिपणे ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलरसारखे विद्वान त्यांचे इंग्रजी करीत. पुढे लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८७४ साली भाऊ दाजी निवर्तले आणि त्यानंतर त्यांच्या वाचनाची दुरुस्ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसाने, त्यांचेच लेखन जेथे छापले गेले होते त्या पानांवर केली. गुरूच्या चुकीबद्दल मौन पाळणे ही निष्ठेची एक प्रचलित कल्पना आहे. भगवानलाल यांनी दुसरी पत्करली.

आता प्रश्न असा की, झिजलेल्या दगडावरील एक अंक कोणता हे केवळ डोळ्यांनी ठरते काय? लेखात ज्या राजाचा उल्लेख आहे तो उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मुम्मुणी. लेखातील त्याच्या नावाचे रूप माम्वाणी असे आहे. छित्तराज हा त्याचा वडील भाऊ. भांडुप येथे सापडलेला छित्तराजाचा ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इसवी सन १०२६ चा आहे. पुढील पिढीतील अनंतदेवाचा खारेपाटण ताम्रपट शके १०१६ चा आहे. या दोहोंच्या मधे मुम्मुणीचा काळ बसवावा लागतो. थोरला भाऊ शके ९४८ मध्ये राज्य करीत असता धाकटा भाऊ त्याच्या आधी एकशे सहासष्ट वर्षे सिंहासनावर असणे अशक्य आहे. वंशावळ हाती घेऊन दगडाकडे पाहिले की सात हा अंक तेथे टिकत नाही. म्हणजे डोळा जे वाचतो त्याला इतर लेखांचे वाचन साक्ष देते किंवा खोडून काढते आणि ही साक्ष उपलब्ध होते ती कोणी तरी ते इतर लेख पूर्वी वाचून, उतरवून, छापून ठेवले म्हणून. भांडुपचा ताम्रपट लोकांपुढे आलेला नसता, तर अंबरनाथचा सात हा सातच राहिला असता.

दोनशे वर्षांचा हा फरक किरकोळ नव्हे. अंबरनाथचे शिवालय भूमिज शैलीचे आहे आणि कालनिर्देश असलेल्या आरंभीच्या भूमिज मंदिरांत त्याची गणना होते. ते ८६० मधील ठरले असते, तर या शैलीचा उगम आणि तिचा दख्खनमधील प्रसार यांविषयीची सगळी मांडणी उलटी झाली असती. मराठीच्या अभ्यासकाला तर या शकवर्षाचे वेगळेच महत्त्व वाटावे. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथील मराठी ताम्रपट हाही शके ९८२ चाच आहे. एकाच वर्षी कोकणपट्टीत राजाच्या मंदिरावर संस्कृत कोरले जात होते आणि किनाऱ्यावरील एका गावात ताम्रपट मराठीत लिहिला जात होता. कोणत्या कामाला कोणती भाषा, याचा तत्कालीन विवेक या दोन लेखांना शेजारी ठेवल्यावर दिसू लागतो. भाऊ दाजींचेच वाचन प्रमाण मानले गेले असते, तर हे शेजारपण कोणाच्या लक्षातही आले नसते.

येथे भाऊ दाजींचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. उलट, त्यांचे खरे श्रेय त्यांच्या चुकीच्या स्वरूपातच आहे. आपण काय वाचले ते त्यांनी लिहिले आणि छापले. ते वाचन त्यांनी मनातच ठेवले असते, एखाद्या सभेत तोंडी सांगितले असते किंवा ‘मंदिर फार प्राचीन आहे’ अशा सर्वमान्य वाक्यात गुंडाळले असते, तर ते कधीच चुकले नसते. आणि म्हणून कधीच सुधारलेही नसते. लिहिण्याने वाचन उत्तरदायी होते. ‘फार प्राचीन’ या शब्दांशी वाद घालता येत नाही, ७८२ शी घालता येतो. वॉल्टर ऑंग यांनी मौखिकता आणि साक्षरता यांवरील आपल्या ग्रंथात (१९८२) लेखनामुळे विचाराला मागे वळून स्वतःकडे पाहण्याची सोय होते, हे दाखविले आहे. अंबरनाथच्या बाबतीत मागे वळून पाहणारा माणूस दुसरा होता, इतकाच फरक.

यावर आक्षेप येईल की, पुराभिलेखात अंक असतो, तो बरोबर किंवा चूक ठरतो. साहित्याच्या वाचनात असे काही नसते. आक्षेप वरवर खरा वाटतो. परंतु मराठीच्या परंपरेतच त्याचे उत्तर आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. निरनिराळ्या पोथ्यांतून आलेले पाठ पाहणे, त्यांतील कोणता ज्ञानेश्वरांच्या भाषेला व अर्थाला धरून आहे हे ठरविणे आणि निर्णय अक्षरांत उतरविणे, हे काम त्यात अभिप्रेत आहे. त्यांपैकी कोणते वाचन, कोणता विचार आणि कोणते लेखन, अशी विभागणी करू गेल्यास हाती काहीच लागत नाही. पाठ निवडताना एकनाथ वाचतही होते आणि लिहीतही होते. निवडीचा निकष हाच त्यांचा विचार होता. रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे आणि त्यात अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, समास, शाई, कागद अशा बारीकसारीक गोष्टींचा विचार आहे. आजच्या वाचकाला हे हस्ताक्षराचे धडे वाटतात. ज्या काळी ग्रंथ जिवंत राहणे प्रत करणाऱ्याच्या हातावर अवलंबून होते, त्या काळी मात्र तो वाचनशास्त्राचाच भाग होता. श्रवण, मनन, निदिध्यासन या जुन्या त्रयीत लेखनाला स्थान नाही, हे खरे. पण पोथी उतरविणारा हात मननच करीत असतो, हे प्रतींतील समासटिपा पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

विरुद्ध बाजूचे उदाहरणही मराठीतच आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या मराठीचे व्याकरण सिद्ध केले. पोथीच्या प्राचीनत्वाविषयी पुढे दीर्घ वाद झाला. तो निकालात निघणे कठीण झाले, कारण मूळ पोथीच पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. राजवाड्यांची बुद्धी भाऊ दाजींपेक्षा उणी होती असे कोणी म्हणणार नाही. फरक इतकाच की, अंबरनाथचा दगड जागेवर आहे, कोणीही शिडी लावून सात की नऊ ते पाहू शकतो. राजवाड्यांच्या वाचकाला मात्र त्यांच्या लेखनावाचून दुसरा आधार उरला नाही. लेखन वाचनापासून तुटले की विचार कितीही प्रखर असला तरी एकटा पडतो.

वालधुनी अंबरनाथहून पुढे उल्हासनगरात शिरते. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथे प्रश्न झिजलेल्या अक्षराचा नाही, अक्षरच अनोळखी होण्याचा आहे. सिंधीची अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी १८५३ मध्ये ब्रिटिश अमदानीत प्रमाणित झाली. निर्वासितांच्या पहिल्या पिढीतील सुशिक्षितांचे वाचनलेखन त्याच लिपीत होते. स्वातंत्र्यानंतर भारतात देवनागरी की अरबी असा वाद दीर्घकाळ चालला. १९६७ मध्ये सिंधीचा समावेश आठव्या अनुसूचीत झाला तरी दोन्ही लिप्या वापरात राहिल्या. परिणाम असा की, सिंधी घरात बोलणाऱ्या अनेक तरुणांना आजोबांच्या वह्या व पुस्तके वाचता येत नाहीत. भाषा कानावर आहे, लेखन कपाटात आहे आणि दोहोंना जोडणारे वाचन मधून गळून गेले आहे. मोडीच्या बाबतीत मराठी भाषकांची अवस्था यापेक्षा फारशी निराळी नाही, हे उल्हासनगरकडे बोट दाखविण्यापूर्वी आठवावे. मराठेशाहीचे आणि पेशवाईचे बहुतांश दफ्तर ज्या लिपीत आहे ती मराठीचे किती पदवीधर वाचू शकतात, हा विचार विभागांनी करावा असा आहे.

या पट्ट्यातील महाविद्यालयांत मराठी शिकणारा विद्यार्थी अनेकदा पहिल्या पिढीचा वाचक असतो. घरी सिंधी, हिंदी, आगरी बोली किंवा घाटावरील एखादी बोली, वर्गात प्रमाण मराठी आणि परीक्षेसाठी मार्गदर्शकातील तयार उत्तर अशी त्याची भाषिक दिनचर्या असते. त्याच्या वाचनाला दोष देणे सोपे आहे. पण तयार उत्तरात काय नसते हे पाहिले पाहिजे. त्यात चूक करण्याची जागाच नसते. ‘कवीने निसर्गाचे सुंदर चित्रण केले आहे’ हे वाक्य ‘मंदिर फार प्राचीन आहे’ या वाक्याचे सख्खे भावंड होय. ते लिहिणाऱ्याला कवितेकडे परत जावे लागत नाही. वाचन वाढवा, असा उपदेश विद्यार्थ्यांना वारंवार केला जातो. परंतु ज्या लेखनात चुकता येत नाही, त्या लेखनाला वाचनाची गरजच भासत नाही, ही त्यातील खरी अडचण आहे.

साधनांची वाण आहे असेही नाही. बदलापूर येथे श्याम जोशी यांनी उभारलेल्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयात जुन्या मराठी ग्रंथांचा व नियतकालिकांचा मोठा संग्रह आहे. अंबरनाथचे विद्यार्थी तेथे लोकलने काही मिनिटांत पोहोचतात. शिलाहारांच्या लेखांचे वा. वि. मिराशी यांचे संपादन १९७७ पासून उपलब्ध आहे आणि शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ पासून. आणि शिलालेख तर मंदिरातच आहे. श्रावणी सोमवारी त्याच्याखालून हजारो माणसे जातात.

या परिसरातील एखाद्या विभागाला पुढील प्रयोग सहज करता येईल. विद्यार्थ्यांनी मंदिरात जाऊन लेखाचे एक छायाचित्र घ्यावे आणि जी अक्षरे ओळखू येतात ती वहीत उतरवावीत; न ओळखणाऱ्या जागी टिंबे द्यावीत. कोणतीही छापील प्रत तोवर पाहू नये. मग त्याच पानाच्या उजव्या अर्ध्या भागात मिराशींचा पाठ लिहावा आणि जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथे कारण नोंदवावे : दगड झिजला आहे, अक्षराचे जुने वळण माहीत नव्हते की नजरच घाईत होती. नंतर हीच पद्धत एखाद्या कवितेवर किंवा कादंबरीतील एका उताऱ्यावर वापरावी. डाव्या बाजूला विद्यार्थ्याचे पहिल्या वाचनाचे टिपण, उजव्या बाजूला आठ दिवसांनी केलेले दुसऱ्या वाचनाचे, आणि मधे फरकाची कारणे. गुण द्यायचे ते डाव्या किंवा उजव्या बाजूला नव्हे, मधल्या पट्टीला. परीक्षकाला हे तपासणे जड जाईल, कारण अशा साठ वह्यांतील मधली पट्टी कोणत्याही दोन वह्यांत सारखी असणार नाही.