इंजिन खोलण्याआधी



तुमच्याकडे आलेल्या जुन्या मारुती ८०० बद्दल तू विचारलं आहेस. उभ्या गाडीत, स्लो रनिंगवर ठकठक ऐकू येते, रेस दिली की विरते, आणि गॅरेजमधल्या सगळ्यांचं मत पडलं आहे की बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेला, इंजिन खोलावं. माझा सल्ला आहे, इतक्यात खोलू नका. चालत्या इंजिनावर एखादी गोष्ट मुद्दाम बदलून तो आवाज बदलत नाही तोवर कोणत्याही नटाला पाना लावायचा नाही, असा नियम आत्ताच स्वतःला घालून घे. ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात नवी ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे. अशा इंजिनात जिथे हात घालशील तिथे झीज सापडणारच. बेअरिंगच्या शेलवर ओरखडे असतील, पिस्टनचा स्कर्ट घासलेला असेल, रॉकर खाल्लेले असतील. झीज सापडली की कारण सापडल्यासारखं वाटतं, पण ती झीजच हा आवाज करत होती हे कशावरून? उघडलेलं इंजिन वाजत नाही, त्यामुळे हा प्रश्न नंतर कोणालाच विचारता येत नाही. मग बिल होतं, गाडी जोडली जाते, आणि पहिल्याच स्टार्टला तीच ठकठक पुन्हा सुरू होते.

स्लो रनिंगवर इंजिनात काय चालतं ते नीट समजून घे. मिनिटाला ९०० फेऱ्या धरल्या तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरतो आणि कॅम त्याच्या निम्म्याने, म्हणजे साडेसात वेळा. तीन सिलिंडरचे पॉवर स्ट्रोक लांब अंतराने येतात, म्हणून इंजिन याच वेळी सर्वांत जास्त हलतं, आणि जे काही सैल आहे ते त्या हलण्याबरोबर आपटतं. रेस दिली की धक्के जवळजवळ येतात, हलणं कमी होतं, आणि सैल वस्तूचा आवाज थांबतो. बिग एंडची रीत वेगळी. तो बहुधा दीड-दोन हजार फेऱ्यांच्या आसपास, आणि विशेषतः ॲक्सिलरेटर सोडताना स्पष्ट होतो. तेव्हा तुझ्या गाडीचं लक्षणच बिग एंडच्या विरुद्ध बोलतं आहे. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नकोस, कारण रेसच्या गोंगाटात बारीक आवाज नुसता झाकलाही जातो. एक गोष्ट बाजूलाच ठेव: पेट्रोल अवेळी भडकून होणारं नॉकिंग लोड आल्यावर, चढावर ऐकू येतं. उभ्या गाडीतल्या ठोक्यासाठी महागडं पेट्रोल किंवा टाकीत ओतायची बाटली सुचवणं म्हणजे मालकाचे पैसे वाया घालवणं.

पहिला तपास तेलाचा, आणि तो बाकी सगळ्याच्या आधी. ऑइल पंप क्रँकवरच फिरतो, त्यामुळे गरम इंजिनाच्या स्लो रनिंगला प्रेशर सर्वांत कमी असतं. बेअरिंगमधली फट वाढली असेल तर तेल तिथून निसटून ते आणखी खाली येतं. डिपस्टिक बघ, तेलाला पेट्रोलचा वास येतो का बघ. मग प्रेशर स्विच काढून त्या जागी गेज लाव. डॅशबोर्डवरचा दिवा विझलेला आहे यावर समाधान मानू नकोस. तो स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच दिवा लावतो, आणि तिथवर येईपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं. प्रेशर खरोखर कमी निघालं तर इंजिन लगेच बंद कर आणि पुढचे प्रयोग विसर. आवाज ऐकत बसण्यात इंजिनच फुटेल, ही तुझी भीती रास्त आहे. तेल आधी तपासायचं ते त्यासाठीच.

प्रेशर ठीक असेल तर बाहेरून आत ये. क्लच दाबून बघ. आवाज गेला तर शोध गिअरबॉक्सकडे आणि क्लचकडे वळव. फॅन बेल्ट काढून इंजिन जेमतेम मिनिटभर चालव, त्याहून जास्त नको, कारण पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो. आवाज गेला तर अल्टरनेटर किंवा पंपाचं बेअरिंग. माउंटिंगचं रबर, सायलेन्सरचे हँगर, त्यावरचा पत्रा हाताळून बघायचे ते इंजिन बंद आणि थंड असताना. क्रँक पुलीचा बोल्ट तपासायला तर कधीच विसरू नकोस. तो ढिला झाला की अगदी बिग एंडसारखा जड ठोका येतो, आणि एका बोल्टसाठी अख्खं इंजिन उतरवलं जातं.

यानंतर प्लगची वायर, आणि सगळ्यांत जास्त माहिती इथेच मिळते. एकेका सिलिंडरची वायर काढ, तिला जादा प्लग लावून तो बॉडीला टेकव, आणि काही सेकंदच ऐक. एमपीएफआय गाडीत जास्त वेळ लावलास तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबला की त्याच्या रॉडवरचा भार उतरतो, म्हणून बिग एंडचा आवाज दबतो. गजन पिन सैल असेल तर बहुधा उलट होतं, ठोका जोडीने यायला लागतो. टॅपेटचा आवाज तसाच राहतो, कारण वायर काढली तरी कॅम रॉकरला हलवतोच. इथे एक चकवा आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली असेल तर तिची टिकटिक टॅपेटसारखीच असते, पण वायर काढल्यावर तीही कमी होते. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं जोडाजवळ फिरव, फुसकारा कळेल. गाडी तापल्यावर आवाज कमी होत असेल तर मॅनिफोल्ड किंवा पिस्टनचा स्कर्ट, या दोघांचा संशय धर.

तू म्हणशील, उस्ताद तर नुसतं ऐकून सांगतात. सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. पण त्यांनी पूर्वी ऐकलेला आवाज आणि मग उघडून पाहिलेला भाग यांची जोडी त्यांच्या डोक्यात पक्की बसलेली आहे. तुझ्याकडे ती अजून नाही, आणि प्रत्येक गाडीवर हे प्रयोग करूनच ती जमेल. शिवाय लोखंडातून आवाज फिरतो. जिथे मोठा ऐकू येतो तिथेच तो जन्मतो असं नाही. नीट बघ, अडलेल्या गाडीवर उस्तादसुद्धा प्लगच्या वायरीलाच हात घालतात. वेळ नाही हा आक्षेप तर टिकतच नाही. हे सगळं तासा-दीड तासाचं काम, आणि इंजिन उतरवून चढवायला दिवस जातात. जाड तेल भरून आवाज बसवण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नकोस. जाड तेलाने फट भरल्यासारखी वाटते, पण ती तेवढीच राहते. थंड स्टार्टला ते तेल वर पोचायला उशीर लागतो, झीज वाढते, आणि तुझ्या हातातला पुरावा मात्र गेलेला असतो.

टॅपेट निघाला तर फिलर गेज घे आणि थंड इंजिनावर, पुस्तकात दिलेल्या मापाने सेट कर. आणि बिग एंडच ठरला, तर गाडी चालवत परत पाठवू नकोस. ऑइलचं चेंबर उतरव, रॉडची कॅप काढ, शेल बघ आणि क्रँकचं जर्नल मायक्रोमीटरने दोन आडव्या-उभ्या दिशांना माप. ते अंडाकार झालं असेल तर नुसते शेल बदलून आवाज थोड्याच दिवसांत परत येईल. क्रँक ग्राइंडिंगला द्यावाच लागेल. मालकाला खर्चाचा आकडा हे माप हातात आल्यावरच सांग.

तुझा,
मामा