निनुर्ता देवाचा पाटपाण्याचा उपदेश

आजच्या इराकात प्राचीन काळी सुमेरी लोक कालव्याच्या पाण्यावर जव पिकवीत. निनुर्ता हा त्यांचा शेतीचा व पाटपाण्याचा देव. सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर त्याच्या नावाने शेतकऱ्याला केलेला उपदेश सापडतो: आधी बांध, पाट तपासा, शेतात पाणी फार चढू देऊ नका, वाढ पाहून तीन पाणी द्या. जव तांबूस पडले तर रोग समजा. पीक जोमात असेल तरच चौथे पाणी द्या, दहावा हिस्सा जास्त पिकेल.

त्याच मुलखातल्या पुष्कळ जमिनी पुढे मीठ फुटून खराब झाल्या. तेव्हा पाटाला पाणी आलंय म्हणून दारं मोडू नका. उसाकडे बघून पाळी द्या.