छायाचित्र कोणाचे?

शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव मोरांसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात तेथे हौशी व व्यावसायिक छायाचित्रकारांची पावले वळतात. त्यांपैकी एखाद्याने टिपलेला फुलल्या पिसाऱ्याचा मोर हातोहाती फिरत शिक्षकाच्या मोबाइलमध्ये येतो आणि तेथून शाळेच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर जाऊन बसतो. छापखान्याला छपाईचे पैसे मिळतात, कागदवाल्याला कागदाचे. ज्याच्या चित्राने अंक उठून दिसतो, त्याचे मात्र नावही कोठे नसते. मोर आपल्याच तालुक्यातला, मग विचारावयाचे कोणाला, असे म्हटले जाते. मोर कोणाच्याच मालकीचा नाही, हे खरे. चित्र मात्र कोणाचे तरी असते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्राला रंगचित्र व शिल्प यांच्या पंक्तीत कलाकृती म्हणून स्थान दिले आहे, आणि ते घेणारी व्यक्ती हीच त्याची कर्ती मानली आहे. हक्क छायाचित्र घेताच निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. वर्गात हे पटविण्यास एक सोपा प्रयोग आहे. दौंडच्या मुलांनी भीमेवरील रेल्वेपुलाचे एकाच काठावरून एकेक छायाचित्र घ्यावे. एकाने गाडी येईपर्यंत वाट पाहिलेली असेल, दुसऱ्याने पाण्यातील सावली साधलेली असेल. पूल एकच, परंतु कृती दोन आणि कर्तेही दोन. कर्ता दहा वर्षांचा असला तरी हक्क त्याचाच.

कर्ता व मालक यांत मात्र फरक करावा लागतो, आणि घोटाळा होतो तो येथेच. शाळेने स्टुडिओवाल्यास बोलावून, मोबदला देऊन वर्गाचे समूहचित्र काढविले, तर उलट करार नसल्यास पहिली मालकी शाळेची. पण तोच छायाचित्रकार स्वतःहून स्नेहसंमेलनात आला व त्याच्या चित्राची प्रत शाळेने विकत घेतली, तर शाळेस मिळाला तो केवळ कागद; ते चित्र अंकात छापण्याचा हक्क त्याबरोबर येत नाही. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी कृतीचा कर्ता म्हणवून घेण्याचा आणि आपल्या नावलौकिकास बाध येईल अशा विकृतीस हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो.

नावाचे मोल काय असते, हे होमाई व्यारावाला यांच्या उदाहरणावरून सांगता येईल. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंची आरंभीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशॉ यांच्या नावाने प्रसिद्ध होत. पुढे त्या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या व २०११ मध्ये पद्मविभूषण झाल्या.

मुदतीविषयी थोडक्यात इतकेच: पूर्वी हा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे टिके, २०१२ च्या दुरुस्तीने तो छायाचित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो.

शिक्षकांना कायद्याने एक मोकळीक दिली आहे. शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कृतीची प्रत केल्यास तो हक्कभंग नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अभ्यासक्रमासाठी काढलेल्या छायाप्रतींच्या खटल्यात या तरतुदीचा उदार अर्थ लावला. तेव्हा पक्ष्यांच्या पाठासाठी तोच मोर फळ्याशेजारी लावण्यास संकोच नको. जाहिराती घेऊन छापलेली स्मरणिका हा मात्र पाठ नव्हे.

स्मरणिकेसाठी परवानगी मागताना पत्रात चित्र कोणते, कोठे व किती प्रतींत छापावयाचे, आणि नाव कसे द्यावयाचे, हे लिहावे. उत्तर लेखी घेऊन दप्तरी ठेवावे. मूळ छायाचित्रकाराचा ठाव लागत नसेल, तर ते चित्र सोडून द्यावे व शाळेतील एखाद्या मुलाने घेतलेले छापावे. चित्राखाली त्या मुलाचे नाव व इयत्ता द्यावी. त्याच्या पालकांचीही संमती अगोदर घ्यावी.