शिरगावचा कोट आणि नाव नसलेली माणसे

पालघरहून सातपाटीकडे जाताना वाटेत शिरगाव लागते. समुद्राजवळच्या या गावात एक लहानसा, परंतु तट-बुरुजांसह अद्याप उभा असलेला किल्ला आहे. बुरुजांवरील घुमटीवजा मनोरे आणि आतील फांद्या फुटलेला रावणमाड पाहण्यास लोक दुरून येतात. आमचे विद्यार्थीही सहलीला जाऊन आले की तटावरून दिसणाऱ्या समुद्राचेच वर्णन करतात.

या कोटाचा ठाऊक असलेला इतिहास थोडक्यात सांगता येतो. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशाहाकडून वसईचा मुलूख पोर्तुगिजांना मिळाला आणि पुढे केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर अशी त्यांची ठाणी या किनाऱ्यावर नांदू लागली. १७३९ च्या आरंभी चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ही ठाणी मराठ्यांकडे आली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव कामी आला. मे महिन्यात वसई पडली. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल सुरू झाला. तीन सत्ता, तीन सनावळ्या. परीक्षेला एवढे पुरते.

पण तटाचे दगड घडवले कोणी, वाहिले कोणी, चुना मळला कोणी? त्या पाथरवटांची, बिगाऱ्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. राजे-सरदारांच्या याद्या पाठ करणाऱ्या आपल्या शिक्षणाला या अभावाची खंत वाटत नाही, हे आम्हांस अधिक बोचते. जुन्या काळी सामान्यांची नावे कोण कोरणार, असे पालक विचारतात. त्यांच्यासाठी याच जिल्ह्यातील, शिरगावच्या कोटापेक्षा कितीतरी जुन्या वास्तूकडे वळू.

नालासोपाऱ्याजवळ एक उंचवटा होता. लोक त्यास ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी पेटी, तीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे मानले जाणारे तुकडे आणि आठ लहान मूर्ती होत्या : सात बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी सोपाऱ्यात मिळाला. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावी मिळाला तो १९५६ मध्ये, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या वर्षी. त्या कोटाच्या नावाचे आम्हांस नेहमी नवल वाटते. लोक बुद्धाला विसरले, पण टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला त्यांनी राजा करून ठेवले.

सोपारा हे त्या काळचे मोठे बंदर. तेथील माणसे कान्हेरीच्या लेण्यांत भेटतात. सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या मणिकाराने तेथे पाण्याची पोढी खोदवून दिली. कल्याणच्या सामिदत सोनाराने दुसरी दिली, तर कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. नाशिकच्या लेण्यांत मुगुदास नावाच्या ‘दासका’चे दान नोंदले आहे, अभ्यासकांनी या शब्दाचा अर्थ मासेमार असा लावला आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एका मासेमाराचे नाव कातळावर कोरले गेले, आणि सातपाटीसारख्या मच्छीमारांच्या गावाशेजारी, त्यानंतर कित्येक शतकांनी उभ्या राहिलेल्या कोटाच्या इतिहासात मात्र कष्टकऱ्याचे एक नाव आपण सांगू शकत नाही. दान देणारा कोणत्या धंद्याचा, हे संघाने लपवले नाही; उलट नावाबरोबर कोरू दिले.

आता आपल्या वस्त्यांकडे पाहू. धम्मदीक्षेनंतर गावोगावी विहारे उभी राहिली. कोठे कुडाच्या भिंती होत्या, कोठे कौले. मजुरी करून आलेल्या माणसांनी रात्री पाया खणला. आज त्या जागी स्लॅबच्या इमारती होत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे, पण नव्या फलकावर उद्घाटकाचे नाव असते आणि जुन्या भिंतीबरोबर पाया खणणारे विस्मृतीत जातात. ज्यांनी ते काम डोळ्यांनी पाहिले, ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

म्हणून वर्गात आम्ही एक वही ठेवली आहे. आपल्या गावची सर्वांत जुनी विहीर, विहार, शाळा वा समाजमंदिर निवडायचे आणि आजी-आजोबांना विचारून लिहायचे : जागा कोणी दिली, दगड कोठून आला, गवंडी कोण, पाणी कोणी भरले. पहिले तीन रकाने बहुधा भरतात. पाणी भरणाऱ्या बायांचा रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणास अशी नावे ठाऊक असतील, तर त्यांनी ती वर्षासह शाळेच्या पत्त्यावर लिहून पाठवावीत. वहीत पाने शिल्लक आहेत.