आधी सातच्या बातम्या, मग तुझी सजावट

मनू, जुन्या पीसीवर लिनक्स टाकून आईसाठी टीव्ही रेकॉर्डर करतेस म्हणे! अगं, हा उद्योग मी करून बसलेय. म्हणून चार गोष्टी सांगते, ऐक.

आधी गच्चीवर जाऊन बघ, डिश कुठली आहे. पैसे भरायच्या डीटीएचचे चॅनेल कुलूपबंद असतात, आपल्या साध्या ट्यूनर कार्डाला ते उघडत नाहीत. डीडी फ्री डिशवरचं सह्याद्री मात्र उघडं आहे. ती डिश ९३.५ अंश पूर्वेकडच्या जीसॅट-१५ कडे, म्हणजे पुण्याहून आग्नेयेला तोंड करून बसते. टीव्हीचा बॉक्सही चालू ठेवायचा असेल, तर डिशच्या तोंडाशी बसतो तो एलएनबी दोन आउटपुटचा घे. आणि हो, पीसी बंद केल्याशिवाय केबलला हात लावू नकोस. त्याच तारेतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात. जाळीची एक तार मधल्या तारेला टेकली की शॉर्ट झालंच समज.

कार्ड घेताना खोक्याला भुलू नकोस. डीव्हीबी-एस२ लिहिलेलं असलं तरी आतली चिप कुठली ते विचार, आणि तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे का ते बघूनच पैसे मोज. माझं पहिलं कार्ड अजून ड्रॉवरमध्ये पडलंय.

मी आधी मिथटीव्हीच्या मागे लागले होते. २००२ पासूनचं नावाजलेलं सॉफ्टवेअर ते, पण माझा अख्खा रविवार डेटाबेस जुळवण्यात गेला. मग डेबियनवर रेकॉर्डिंगला टीव्हीहेडएंड टाकलं आणि टीव्हीवर दाखवायला कोडी. तूही तेच कर.

आता माझी फजिती. आईच्या सातच्या बातम्या लावून मी ऐटीत झोपले. सकाळी तिने रेकॉर्डिंग उघडलं, तर रात्री साडेबाराचा कुठलासा कार्यक्रम! मशीनचं घड्याळ यूटीसीवर राहिलं होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आई म्हणाली, ‘‘तुझं यंत्र लंडनला राहतं का गं?’’ म्हणून टाइमझोन सगळ्यात आधी ‘आशिया/कोलकाता’ कर. रेकॉर्डिंग दोन मिनिटं आधी सुरू होऊन दहा मिनिटं उशिरा संपेल असंही लावून ठेव. आपल्याकडे कार्यक्रम कधी घड्याळाचं ऐकतात?

जागेचा हिशेब सोपा आहे. चार मेगाबिटचा चॅनेल तासाला १.८ जीबी खातो. रेकॉर्डिंगला वेगळी हार्ड डिस्क दे, म्हणजे ती भरली तरी लिनक्स गुदमरणार नाही. आणि इन्व्हर्टरची लाइन जोडून घे. सातला वीज गेली तर आई तुलाच विचारेल.

थीम, पोस्टर, रंगीत मेनू यांचा मोह तुला होणार, मला ठाऊक आहे. पण पहिला महिनाभर फक्त सातच्या बातम्या पकड. रोज. ज्या दिवशी आई तुला हाक न मारता रिमोट उचलून त्या लावेल, त्या संध्याकाळी बस खुशाल सजवत.